तिच्या आवडीचे खाते

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील जमाखर्चाच्या वहीत दूधवाला, वाणी, घरभाडे, शाळेची फी, देवाधर्माचा खर्च आणि गृहस्वामींची पानसुपारी यांची स्वतंत्र सदरे असत. घरातल्या तरुण मुलीला अथवा सुनेला काय आवडते याचे सदर मात्र त्या वहीत नसे, आणि रिबिनीसाठी किंवा काचेच्या बांगड्यांसाठी तिने कधीकाळी चार आणे मागितलेच, तर ते 'किरकोळ' या शीर्षाखाली खर्ची पडून विस्मृतीत जात. तिची आवडनिवड विचारली जाई ती एकदाच, आणि तीही परक्यांच्या समक्ष. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाकडचे कुणी वडीलधारे 'छंद काय?' असे पुसत, आणि 'वाचन, विणकाम, भरतकाम' हे उत्तर, खरे असो वा नसो, आईने आदल्या रात्रीच घोटवून घेतलेले असे. आज तीच मुलगी महिनाअखेर स्वतःच्या नावाच्या बँकखात्यात पगार जमा झालेला पाहते, त्यातून कुडता घेते, झुमके घेते, मिसळ खाते, मैत्रिणीस भेट देते, पुस्तक मागवते. आणि घरोघर एक विलक्षण चौकशी सुरू होते. "आणखी एक कुडता?" "एवढ्याशा झुमक्यांना दोनशे रुपये?" भावाच्या मोटारसायकलीच्या आवाजी सायलेन्सरविषयी किंवा वडिलांच्या क्रिकेटच्या तिकिटांविषयी अशी कैफियत कुणी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुरुषाची आवड म्हणजे शौक, आणि शौक ही मोठ्या माणसांना शोभणारी गोष्ट. मुलीची आवड म्हणजे नसते चोचले. ही वहिवाट जुनी असली तरी न्याय्य नाही, आणि ती मोडीत काढण्याची वेळ आली आहे, असे माझे मत आहे.

प्रथम वस्त्रांचा विचार करू, कारण उपहासाचा पहिला रोख तिकडेच असतो. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड या गावी हातमागावर विणला जाणारा खण एके काळी महाराष्ट्रातील प्रत्येक स्त्रीच्या चोळीस लागे. पुढे नऊवारी मागे पडून पाचवारी आली, तयार ब्लाउजांचा सुकाळ झाला आणि खण हा ओटी भरण्यापुरता, म्हणजे न शिवता एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरवण्यापुरता, शिल्लक राहिला. त्याला त्या अज्ञातवासातून कुणा समितीने अथवा कुणा सरकारी ठरावाने बाहेर काढले नाही. गेल्या काही वर्षांत कॉलेजात जाणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलींनी त्याचे कुडते, जाकिटे, पर्सा, कानांतली लोंबती डुलेही करून घेतली आणि ते कापड पुन्हा रस्त्यावर आणले. बाजारात खण म्हणून जे खपते त्यातले पुष्कळसे यंत्रमागावरचे असते हे खरे, आणि त्याविषयी विणकरांची तक्रारही रास्त आहे. परंतु हातमागाचा खण हवा असा हट्ट धरणारे गिऱ्हाईक आज कुठे आढळलेच, तर ते बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचेच असते.

माझी एक भाची हिंजवडीस नोकरीला आहे. तिने असाच अस्सल खण आणला आणि ती शिंप्याकडे गेली तेव्हा योगायोगाने मी बरोबर होतो. हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असल्याने कुडत्यास जोड द्यावा लागणार, तो काठाच्या बाजूने द्यायचा की मधोमध, यावर दोघांची दीर्घकाळ वाटाघाट झाली. तिने काठाची बाजू लावून धरली, कारण मधोमध दिलेला जोड बुट्टीची ओळ मोडतो. एवढे ठरल्यावर तिने दोन्ही बाजूंना खिसे सांगितले. मास्तरांनी टेप गळ्यात टाकून विचारले, "ताई, बायकांच्या कुडत्याला खिसे कशाला? फिटिंग बिघडतं." तिने हातातला फोन काउंटरवर आडवा ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, हा आख्खा आत गेला पाहिजे, वर डोकावता कामा नये." मास्तरांनी फोनभोवती खडूने रेघ ओढून माप घेतले. मला त्या क्षणी नऊवारीतल्या बायका आठवल्या, ज्यांच्या कनवटीला सुटे पैसे आणि कमरेला बटवा हमखास असे. पाचवारीने ती कनवट नेली, तयार कपड्यांनी तिच्या जागी काही दिले नाही, आणि मधल्या दोन पिढ्यांनी रुमाल, किल्ली आणि लोकलचा पास हातातल्या पर्शीत कोंबून आयुष्य काढले. खिशाचा आग्रह म्हणून मला चोचला वाटत नाही.

पायताणाची हकीकतही याच जातीची. कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांस मिळून मिळाले. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथील पुरुषांच्या पोशाखप्रदर्शनात हुबेहूब तशा चपला मूळ कारागिरांचा नामनिर्देश न करता मांडल्या, त्यावर गहजब उडाला, आणि मग प्रेरणा भारतीय असल्याची कबुली आली. त्या गदारोळात आपल्याकडच्या ज्या विद्वानांनी कोल्हापुरीच्या थोरवीवर अग्रलेख लिहिले, त्यांच्या पायांत बूट होते. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत जाऊन, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे सुरुवातीस चावणार हे ठाऊक असूनही, अंगठा नि टाच सोलवटून घेत ती चप्पल जीन्सखाली वापरणाऱ्या मुलींनी हा निवाडा कितीतरी आधी दिला होता; फक्त त्यांचा निवाडा कुणी दप्तरी दाखल करून घेतला नाही.

झुमक्यांचा मुद्दा दोन वाक्यांत आटोपतो. सोने ही घराची ठेव होती, स्त्रीच्या अंगावर केवळ सांभाळायला दिलेली आणि अडीअडचणीस सावकाराच्या पेढीवर जाणारी. दोनशे रुपयांचे काळपट झुमके मात्र सर्वस्वी तिचे असतात, कारण ते गहाण टाकता येत नाहीत आणि लोकलच्या गर्दीत हरवले तर घरात सुतक पडत नाही.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: ही आवड तिची स्वतःची कशावरून? फोनच्या पडद्यावर कुणी नटवी क्षणार्धात दहा कुडते बदलून दाखवते, खाली दुकानाचा पत्ता असतो, आणि लक्षावधी मुलींना एकाच सायंकाळी एकाच रंगाची ओढ लागते. याला अभिरुची म्हणावे की फर्मान? बाजार तिची पसंती आगाऊ ठरवून ठेवतो आणि तिलाच ती विकतो, हे मलाही दिसते व खुपते. तथापि जे गृहस्थ हा आक्षेप घेतात त्यांच्याच तरुणपणी गावोगावच्या मुली साधना या नटीसारखी कपाळावर केसांची झालर कापून घेत होत्या, आणि ते स्वतः कुणा ना कुणा नटासारखा भांग पाडत होते. निर्वात पोकळीत कुणाचीच रुची जन्मत नाही. ती कोठून आली यापेक्षा ती किती टिकते हे पाहावे. चार धुण्यांनंतर फिका पडलेला जो कुडता ती फेकवत नाही म्हणून घरी वापरायला काढते, तो तिचा.

खाण्याच्या बाबतीत तर आपल्या संस्कृतीने स्त्रीवर एक मोठा विनोद केला आहे. कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप देऊन कित्येक नवख्या गृहिणींना तारले. पण त्या स्वयंपाकघरांत रुची सांभाळली जाई ती बहुतेक इतरांची. थोरल्याला भरली वांगी, धाकट्याला श्रीखंड, यजमानांना सुक्या बोंबलाची चटणी, हे जिला तोंडपाठ, तिला स्वतःला काय आवडते असे विचारले तर ती सांगे, "मला बाई फोडणीची पोळी आवडते." शिळ्या पोळ्यांची विल्हेवाट लावण्याचे काम जिच्याकडे, तिला नेमकी फोडणीची पोळीच आवडावी, हा योगायोग मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. बाहेर जाऊन खाण्याची तर आणखीच पंचाईत. इराण्याकडे आणि उडप्याकडे 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेली पडद्याआडची खोली असे, आणि पुरुषाच्या सोबतीवाचून तिथेही सहसा कुणी जात नसे. आज दादरला कचेरी सुटल्यावर एखादी मुलगी एकटीच टेबलाशी बसते, साबुदाणावडा आणि पीयूष मागवते, वड्याबरोबरची चटणी आणखी मागून घेते, आणि समोरच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून निवांत खाते. घरी डबा तयार असताना बाहेर कशाला, असे विचारणाऱ्यांनी त्या डब्यात कुणाच्या आवडीची भाजी आहे हेही एकदा पाहावे.

भेटवस्तूंचा विषय मला सर्वांत मनोरंजक वाटतो, कारण माणसाच्या आवडीची दखल आपण घेतली आहे की नाही, याचा लेखी पुरावा तेथेच मिळतो. आपला आहेर हा मुळात प्रेमाचा व्यवहार नसून परतफेडीचा आहे; लग्नघरात कुणीतरी मामा वही घेऊन बसे आणि कोणी काय दिले याची तपशीलवार नोंद करी, जेणेकरून त्यांच्याकडील कार्यात तेवढ्याच मोलाचे परत करता यावे. त्यातूनच ती ब्लाउजपिसे निपजली, जी आजवर कुणी शिवली नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवात जे वाण लुटले जाते, त्यात गाळणी, प्लास्टिकचे डबे, साबणदाण्या यांचीच गर्दी. देणारीने घाऊक घेतलेले आणि घेणारीने पुढच्या साली दुसऱ्या आळीत खपवलेले. आणि ज्यांना एवढाही विचार करण्याची तसदी नको असते, ते पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवून मोकळे होतात. याउलट या मुली एकमेकींना काय देतात ते पाहा: एकीला कुंडीतले गवती चहाचे रोप, कारण तिच्या खिडकीत ऊन येते, दुसरीला खणाच्या पुठ्ठ्याची वही, कारण ती अजून हाताने लिहिते, तिसरीला हुपरीच्या चांदीची बारीक पैंजणे, कारण तिला आवाजाची नकोत, हे हिला ठाऊक. किंमत कुणी वहीत मांडत नाही. काही मुलींनी तर वाणातही पुस्तके द्यायला आरंभ केला आहे, आणि सासूबाईंची नापसंती निमूटपणे सोसली आहे.

पुस्तकांचे नाव निघालेच आहे. आजची मुलगी वाचत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. ती लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याने कानांत कादंबरी ऐकते, दिवाळीत आईसाठी म्हणून दोन अंक घेते आणि आधी स्वतः संपवते. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या परंपरेला अशा चोरट्या वाचनाचा आधार अद्याप आहे. प्रश्न असा, की ती मराठीत काय वाचणार? 1930 साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघाले. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले आणि शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलीच्या मनात काय चालते हे उघड झाल्याबरोबर महाराष्ट्र हादरला. त्या वेळच्या मुलीला निदान आपल्याविषयीचे पुस्तक, लपवून का होईना, वाचायला मिळाले. आज लातूरहून पुण्यास येऊन चौघींच्या खोलीत राहणारी, रात्रपाळी करणारी, घरी पैसे पाठवून उरलेल्यांत कुडता घेणारी मुलगी ज्यांत नायिका आहे अशा मराठी कादंबऱ्या बोटांवर मोजाव्या लागतात. म्हणून ती टोकियोतल्या एखाद्या कॉफीगृहाची गोष्ट इंग्रजीतून वाचते, तिच्यातल्या एकट्या मुलीत स्वतःला शोधते, आणि आमचे प्रकाशक परिसंवादांतून वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी गहिवर आणतात. कैफियत मागायचीच असेल, तर ती त्यांच्याकडून मागावी.