पंडितांचा ‘पदार्थ’ आणि घणसोलीची जमीन

मध्ययुगीन पंडितांची तत्त्वमीमांसा म्हणजे घटत्व-पटत्वाचा निष्फळ खल, असे म्हणून हात झटकण्याची रीत पुरोगामी कार्यकर्त्यांत रूढ झाली आहे. या तुच्छतेने पंडितांचे काही बिघडत नाही. नुकसान होते ते चळवळीचेच, आणि ते किती होते हे घणसोली गावात जाऊन पाहावे.

ठाणे खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची नोटीस फिरली त्यांत घणसोलीही आले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी ठार झाले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली. हे भूखंडही मिळाले ते साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने! कालचा धनी महामंडळाचा पट्टेदार ठरला. वाढत्या कुटुंबासाठी त्याने गावठाणाबाहेर घर बांधले, तर ते ‘अनधिकृत’. खाडीवर जगणाऱ्या कोळ्याचे काही गेले, याची तर दप्तराला दादच नव्हती. खाडीचा सातबारा कोठून असणार?

अशा वेळी चळवळ भाव मागते, टक्के मागते, मुदत मागते. मालकी म्हणजे काय आणि ती उत्पन्न कशी होते, हा प्रश्न मात्र ती सरकारी वकिलावर सोडून देते. वस्तुतः हाच प्रश्न मध्ययुगीन पंडितांनी शतकानुशतके लढविला आहे. सोळाव्या शतकाच्या सुमारास नवद्वीपचा नैयायिक रघुनाथ शिरोमणी याने तर ‘स्वत्व’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. स्वत्व म्हणजे वस्तू यथेच्छ वापरण्याची योग्यता, हे लक्षण त्याला पटेना. दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच. ते खाऊ नये असे शास्त्र सांगते म्हणावे, तर ‘दुसऱ्याचे’ म्हणजे काय हे आधी ठाऊक असावे लागते. हा शब्दच्छल नव्हे. कबजा आणि हक्क यांतील भेद याहून नेमका क्वचितच कोणी मांडला असेल.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याही आधी स्वत्व लौकिक ठरविले होते. शास्त्राचे वारेही न लागलेले सीमेवरचे लोक खरेदी-विक्री करतात, तेव्हा मालकी ग्रंथातून येत नाही, लोकव्यवहारातून येते, असा त्याचा युक्तिवाद. आणि सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीचा नीलकंठ व्यवहारमयूखात याहून पुढे गेला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करणाऱ्या राजाला भूमी देता येत नाही, या मीमांसेतील जुन्या निर्णयाच्या आधारे तो सांगतो की, गावे-शेते यांचे स्वत्व भूमिकांचे. राजाला फक्त कर घेण्याचा अधिकार. देश जिंकला तरी जेत्याला मिळतो तो पराजिताचा खासगी जमीनजुमला आणि करवसुली. रयतेच्या जमिनीची मालकी त्याला मिळत नाही.

हा व्यवहारमयूख इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात, म्हणजे घणसोली ज्या ठाणे जिल्ह्यात आहे तेथेही, न्यायालयांनी प्रमाण मानला होता. पण कशापुरता? वारसा, वाटणी, दत्तक यांपुरता. जमिनीचा प्रश्न आला की १८७९ चा लँड रेव्हेन्यू कोड आणि १८९४ चा भूसंपादन कायदा! साहेबाने नीलकंठ सोयीपुरता वाचला. स्वराज्यात तो कोणी वाचलाच नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ही परंपरा शूद्रातिशूद्रांना माणूस मानणाऱ्यांची नव्हे. आक्षेप खरा आहे. भार्या, पुत्र आणि दास यांना धनच नाही असे मनुस्मृती सांगते, आणि काशीत बसून लिहिणाऱ्या नीलकंठाच्या डोळ्यांपुढे आगरी-कोळी असतील हे संभवनीय नाही. म्हणून या ग्रंथांचा जयजयकार करणाऱ्या पुनरुज्जीवनवाद्यांशी सोयरीक नको. परंतु युरोपातील पोथीपंडितांबद्दल कोणी असा सोवळेपणा पाळत नाही. फ्रान्सिस्कन भिक्षूंचा उपयोग आणि मालकी यांच्या भेदावरून १३२२ साली पोप बाविसाव्या जॉनशी जो तंटा पेटला, ज्यात पुढे ऑकम उतरला, त्यात आधुनिक हक्कांच्या कल्पनेची मुळे शोधणारे अभ्यासक तिकडे मानाने वाचले जातात.

इकडील संशोधनाचा दोष निराळा आहे. म. म. काणे यांनी १९२६ साली व्यवहारमयूखाची आवृत्ती काढली, धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास १९३० ते १९६२ या काळात लिहिला, तो इंग्रजीत. वाईच्या धर्मकोशाचे व्यवहारकांड संस्कृतात. दोन्ही कामे अव्वल, पण ज्यांच्या जमिनीविषयी हा वाद आहे त्यांच्यापर्यंत दोन्ही भाषा पोचत नाहीत. विद्यापीठांना याची खंत असल्याचे दिसत नाही, आणि चळवळीने ते मागितलेले नाही.

स्वत्वावरील हे विवेचन एका लहान मराठी पुस्तिकेत उतरविणे अवघड नाही. ती घणसोलीच्या अभ्यासवर्गात वाचली जावी. पहिला प्रश्न बहुधा खाडीचाच निघेल, कारण नीलकंठ बोलतो तो गावांविषयी, शेतांविषयी. त्याचे उत्तर विज्ञानेश्वराच्या ‘परिग्रहा’पासून सुरू करता येईल: पूर्वी कोणाचेच नसलेले पाणी, गवत, लाकूड इत्यादी जो घेतो, ते त्याचे होते. त्या ‘इत्यादी’त मासळी आणि मीठ बसते की नाही, हे सरकारी वकिलाला विचारण्यापूर्वी कोळ्यांना विचारावे.