पहिली रिग: थोडं भाडं आणखी भरा

अमेरिकेत विमानातून पॅराशूटच्या २५ उड्या पुऱ्या करून ‘ए’ लायसन्स हातात पडलं, की नव्या जंपरला ओढ लागते ती स्वतःच्या रिगची, म्हणजे मुख्य आणि राखीव छत्री (पॅराशूट) व त्या पाठीवर वागवणाऱ्या कंटेनरची. दर उडीला भाडं मोजताना जीव तुटतो, हे खरं. तरी अजून थोडं भरा, असंच मी म्हणेन. शिकाऊ छत्री बहुधा २६० ते २८० चौरस फुटांची असते. तिथून पायरीपायरीने लहान छत्रीकडे यायचं असतं, आणि या पायऱ्या सुरुवातीलाच भराभर उतरल्या जातात. त्यामुळे आज हौसेनं घेतलेली मोठी छत्री हंगाम संपेपर्यंत नकोशी होते. ‘पुढे लागेलच’ म्हणून आत्ताच लहान घेतली, तर ती पाय मोडते. (वाढत्या अंगाचे कपडे शिवणाऱ्या आपल्या आयांचं गणित इथे उलटं पडतं.) साजासकट आपलं वजन छत्रीच्या दर चौरस फुटाला एक पौंडाच्या वर जाऊ नये, हा नवख्यांसाठीचा ढोबळ हिशेब. कंटेनरही ठरावीक मापाच्या छत्रीसाठीच शिवलेला असतो, एखाददुसरं माप इकडेतिकडे चालतं, इतकंच. म्हणून माप स्थिरावलं की जुनी रिग घ्यावी, पण पैसे देण्याआधी आपल्या रिगरकडून, म्हणजे छत्र्या तपासणाऱ्या-बांधणाऱ्या तंत्रज्ञाकडून, उलगडून तपासून. मी आधी पाहीन ती एएडीची, म्हणजे ऐनवेळी राखीव छत्री आपोआप उघडणाऱ्या यंत्राची, तारीख. स्वस्त रिगमध्ये त्याचं आयुष्य बरेचदा संपत आलेलं असतं. शिवाय राखीव छत्री दर १८० दिवसांनी रिगरकडून पुन्हा बांधून घ्यावीच लागते, वापरलेली नसली तरी. हेल्मेट आणि अल्टिमीटर मात्र आजच घ्या.