फॉलोऑन द्यावा की नाही?

मैत्रिणींनो, बायकांच्या चार दिवसांच्या कसोटीत दीडशे धावांची आघाडी मिळाली, की समोरच्या संघाला लगेच पुन्हा खेळायला लावता येतं. लावायचंच असं नाही, ते कर्णधारानं ठरवायचं.

डिसेंबर 2023 मध्ये नवी मुंबईत इंग्लंड 136 मध्ये आटोपलं. आघाडी 292 ची, तरी हरमनप्रीतनं फॉलोऑन दिला नाही! आमच्याकडच्या पुरुषमंडळींना विचारा, म्हणतील, "घाबरली." पण खेळपट्टी बिघडत चालली होती, शेवटची फलंदाजी इंग्लंडच्या गळ्यात घातली आणि आपण 347 धावांनी जिंकलो.

पुढच्याच वर्षी चेन्नईत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 337 ची आघाडी होती. या वेळी तिनं फॉलोऑन दिला. त्या पोरींनी चिवटपणे 373 केल्या. आपण दहा गडी राखून जिंकलो खरं, पण चौथ्या दिवसापर्यंत घाम गाळून! पहिल्या डावात आठ बळी घेणाऱ्या स्नेह राणाला लगेच पुन्हा चेंडू हाती घ्यावा लागला. मला विचाराल तर नवी मुंबईचाच निर्णय शहाणपणाचा.

अहो, पण हा अंदाज खेळूनच येतो ना? नोव्हेंबर 2014 ते जून 2021 आपल्या मुलींना एकही कसोटी मिळाली नव्हती.