मजले हप्त्याने चढवा, पाया मात्र एकदाच

मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मिरज, कोणत्याही शहरातील आपल्या जुन्या मोहल्ल्यात गच्च्यांवर नजर टाकली तर एक गोष्ट हटकून दिसते. कडेने दोन-तीन फुटी गंजलेल्या सळ्या उभ्या असतात आणि त्यांवर दोरी बांधून कपडे वाळत घातलेले असतात. धंदा चालला, थोरल्याचे लग्न ठरले की वरचा मजला चढवायचा, म्हणून त्या सोडलेल्या असतात.

या पद्धतीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ती वाईट वाटत नाही. ज्याला व्याजाचे कर्ज नको आहे, ज्याची कमाई सीझनवर चालते, अशा व्यापाऱ्याने वा कारागिराने भिशी उचलून, चार पैसे साठवून एकेक मजला वाढवणे यात गैर काय? आमची तक्रार एवढीच की पैसा हप्त्याने येतो म्हणून नकाशाचा विचारही हप्त्याने केला जातो. पाया खणताना फक्त तळमजल्याचा हिशेब होतो. पुढचे विचारले तर मिस्त्री म्हणतो, "शेठ, माल दाबून टाकलाय, चार मजले आरामात जातील." हाच त्याचा हिशेब.

वास्तविक हिशेब काय आहे ते पाहा. समजा जागा पंधरा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, म्हणजे ६०० चौरस फूट आहे. पाच इंची स्लॅबचे नुसते वजन चौरस फुटाला सुमारे तीस किलो भरते. म्हणजे एक स्लॅब सतरा-अठरा टनांचा झाला. भिंती, फरशी, माणसे आणि दुकानातला माल त्यावर वेगळा. तीन मजले म्हणजे हे सर्व तीनदा, आणि ते उतरणार आठ-दहा कॉलमांवर.

अरुंद जागेत खरी अडचण इथेच येते. कॉलमखालची बैठक चारही बाजूंना सारखी पसरलेली हवी. आपले कॉलम मात्र शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून असतात, त्यामुळे त्या बाजूला बैठक पसरता येत नाही. मिस्त्री ती अर्धीच टाकतो. भार एका कडेवर येतो आणि बैठक कलू लागते. एका मजल्याला हे कळत नाही, तिसऱ्या मजल्याला भिंतीत तिरप्या भेगा पडतात. यावर जुना आणि साधा उपाय आहे. समोरासमोरच्या दोन कॉलमांना मिळून एकच लांब बैठक द्यावी, किंवा जमिनीखाली मजबूत बीमने दोन्ही बैठका एकमेकींना जखडाव्यात. पंधरा फुटांच्या जागेत हे सहज होते. मात्र त्याचे गणित स्ट्रक्चरल इंजिनियरने मांडायचे असते, आणि ते पहिल्या दिवशीच. वर तीन मजले चढल्यावर खाली हात घालणे किती महागाचे, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारावे. काळ्या मातीचा भाग असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय पाया भरू नये. शेजाऱ्याची भिंत जुनी, मातीची असेल तर तिच्या लगतचा चर एकदम न खणता थोडा थोडा खणून भरत जावे.

कॉलमच्या जाडीवरून तर नेहमीच वाद होतो. भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची कॉलम सर्वांना आवडतो. भूकंपाचा विचार करणाऱ्या भारतीय मानक १३९२० मध्ये २०१६ च्या सुधारणेपासून कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे बारा इंच सांगितलेली आहे. दोन्ही बाजूंचे तीन-तीन इंच गेले म्हणून हळहळणारे गृहस्थ पुढे त्याच खोलीत दोन फूट खोल शोकेस लावतात!

तळमजल्यावर दुकान असेल तर या इंचांची किंमत आणखी वाढते. वर खोल्यांच्या आडव्या भिंती आणि खाली सलग मोकळे दुकान, अशा घराचे पाय कमजोर असतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कितीतरी इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला होता. दुकान जरूर काढा, पण खालचे कॉलम भक्कम ठेवा आणि जिन्यालगत एक तरी आडवी काँक्रीटची भिंत घ्या. माग बसवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. माग तळमजल्यावरच असावा आणि त्याचा चौथरा घराच्या कॉलमांपासून सुटा असावा. वरच्या स्लॅबवर माग चालवणे म्हणजे घराला दिवसरात्र हादरे देणे होय.

जिन्याबाबत आपण सर्वात जास्त कंजुषी करतो. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा जाता आत साडेतेरा फूट रुंदी उरते आणि वापराची जागा सुमारे ५२० चौरस फूट. दहा फूट उंचीला सात-सात इंचांच्या सतरा चढण्या लागतात. तीन फुटी, मध्ये वळणारा जिना सुमारे ८० चौरस फूट खातो, म्हणजे प्रत्येक मजल्याचा सहावा-सातवा हिस्सा. हे ऐकले की मालक दचकतो आणि दोन फुटी, गोल फिरणारा लोखंडी जिना बसवतो. म्हातारी आई मग वर जाते ती खाली येतच नाही. आजाऱ्याला स्ट्रेचरवर उतरवता येत नाही, आणि घरात मयत झाली तर जनाजा त्या जिन्याने कसा उतरवणार, याचा विचार नकाशा काढताना कोणी करत नाही. भिंतीलगत सरळ चढणारा जिना घेतल्यास जागा बरीच वाचते. जिन्याशेजारी गच्चीपर्यंत उघडा चौक सोडला तर चाळीस फुटी खोलीच्या मधल्या काळोखालाही वाट मिळते. जुन्या वाड्यांतला चौक काही शोभेचा नव्हता.

परवानगीची कटकट नको म्हणून नकाशाच न करणाऱ्यांची सबब आता फारशी टिकत नाही. २०२० पासून मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यातील बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवानगीची पद्धत पुष्कळ सोपी केली आहे, आणि दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. खरा अडथळा बहुधा दुसराच निघतो, तो म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचे नाव असते. ते आधी दुरुस्त करून घ्यावे. घाईने चढवलेल्या मजल्यांचे काय होते ते ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला दिसले. बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण मरण पावले.

गच्चीवरच्या त्या सळ्यांविषयीही सांगितले पाहिजे. पाच-सात वर्षे पावसात उघड्या राहिलेल्या सळईवर नवा मजला उभारू नये. सोडतानाच तिला सिमेंटचा हात देऊन कच्च्या काँक्रीटमध्ये झाकावी; काम निघाले की ते फोडता येते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की एक टनाची होते, ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलमांच्या माथ्यावर बसवावी.

राहता राहिला वाटणीचा प्रश्न. पंधरा फुटी घर उभे चिरून दोन भावांत वाटता येत नाही, ते मजल्यांनीच वाटले जाते. कमाई तळमजल्याच्या दुकानाची, उन्हाळा वरच्या मजल्याचा, आणि गच्चीवर पुढे बांधण्याचा हक्क कोणाचा, यावर सख्खे भाऊ कोर्टात जातात. "माझ्यानंतर वरचा मजला धाकट्याचा" असे बापाने चार लोकांत म्हटले म्हणून तो हिबा होत नाही. हिबा हयातीत करून ताबाही द्यावा लागतो. मृत्यूनंतरची वसियत वारसाच्या नावे केली तर इतर वारसांच्या संमतीशिवाय ती चालत नाही. मुलींचा हिस्सा तर या चर्चेत निघतच नाही, जणू घर बांधताना त्यांचे दागिने गहाण पडलेच नव्हते. नकाशावर सही करण्याआधी मुला-मुलींना एकत्र बसवून कोणता मजला, दुकानाचे भाडे, गच्ची आणि जिन्याची दुरुस्ती हे सारे ठरवावे. वकिलाकडून ते लिहून घ्यावे आणि इंजिनियरच्या नकाशासोबत त्याच फाइलीत ठेवावे.