मत कशासाठी, ते आधी बघा



7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान झालं. बारामती विधानसभा मतदारसंघानं सुप्रिया सुळे यांना 47 हजारांहून जास्त मतांची आघाडी दिली. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला त्याच मतदारसंघानं अजित पवार यांना लाखाहून जास्त मतांनी आमदार केलं. पुढं 22 जून 2025 ला माळेगाव साखर कारखान्याचं मतदान झालं. अजित पवार यांच्या नीळकंठेश्वर पॅनलनं 21 पैकी 20 जागा घेतल्या. उरलेली एक जागा सांगवी गटातून चंद्रराव तावरे यांनी राखली.

बाहेरच्या माणसाला हा सगळा घोळ वाटतो. एकदा सुप्रिया सुळेंची तुतारी, एकदा अजित पवारांचं घड्याळ, आणि कारखान्याला पुन्हा अजित पवारांचंच पॅनल. मला यात घोळ दिसत नाही. दिल्लीला कुणी जायचं, मुंबईला कुणी जायचं आणि उसाचा दर कुणाच्या हाती द्यायचा, हे तीन वेगळे प्रश्न होते. आपल्या लोकांनी प्रत्येकाचं उत्तर वेगळं तोलून दिलं. कारखान्याला तर फक्त सभासद मत देतात. तिथं काट्यावरचं वजन आणि हप्त्याची तारीख बोलते.

मग एवढे शहाणे असलेले आपण ग्रामपंचायतीला का चुकतो? तेवढंच सांगायला आज बसलो आहे.

ग्रामपंचायतीच्या मतदान यंत्रावर घड्याळ नसतं, तुतारी नसते, कमळ नसतं, हात नसतो. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पण गुलाल उडाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष सांगतो, तालुक्यात आमच्या इतक्या ग्रामपंचायती आल्या. एकाच सरपंचाचा फोटो दोन-दोन नेत्यांबरोबर झळकतो. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. तेव्हापासून तर गावातल्या फलकांवरचे फोटो किती वेळा बदलले, ते छपाईवाल्यालाच ठाऊक. खाली इंदापुरात बघा. हर्षवर्धन पाटील काँग्रेसमधून 2019 ला भाजपमध्ये गेले आणि 2024 ला तुतारी हाती घेऊन उभे राहिले. त्यांच्यामागं गावोगावचे कार्यकर्ते किती वेळा इकडून तिकडं झाले असतील? मोठ्यांचं ते राजकारण आहे, त्यांना ते करू द्या. आपल्या गटारीला पक्ष नसतो.

आपल्याकडंच असं होतं असं नाही. इंग्लंडमध्ये जिल्ह्याच्या स्थानिक परिषदेकडं कचरा उचलण्यासारखी रोजची कामं असतात. पण लोक लंडनच्या सरकारवरचा राग त्याच मतदानात काढतात आणि परिषदेची सत्ता या पक्षाकडून त्या पक्षाकडं जाते. कचऱ्याला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. तो उचलणारा आला की जातो, नाही आला की कुजतो.

म्हणून मत देण्यापूर्वी एवढं स्वतःला विचारा, की मी निवडतो आहे त्या माणसाच्या हातात नेमकं काय येणार आहे? ग्रामपंचायतीच्या हातात पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, गटार, गावातले रस्ते आणि घरपट्टी. जिल्हा परिषदेच्या हातात शाळा, आरोग्य केंद्र आणि गावांना जोडणारे रस्ते. पंचायत समितीच्या हातात तालुक्यातल्या योजना खालपर्यंत पोचवणं. कर्जमाफी सरपंच देणार नाही आणि वॉर्डातला बंद दिवा खासदार लावणार नाही.

ही मतं किती मोलाची असतात, ते आपण न देता शिकलो. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकानं कारभार पाहिला. अखेर 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की स्थानिक निवडणुका घ्या. त्या काळात शाळेचं छप्पर गळत असेल तर कुणाच्या दारात जायचं? अधिकारी असतो, पण त्याला पुन्हा आपल्याकडं मत मागायला यायचं नसतं. ही अडचण ज्यांनी सोसली, त्यांनी तरी पुढं मतदानाच्या दिवशी घरात बसू नये.

आता सरपंचाविषयी. 2017 मध्ये सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत आली, 2020 मध्ये ती गेली आणि 2022 मध्ये परत आली. मुंबईत सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते, हाही एक धडाच आहे. थेट निवडणुकीत एक मत सरपंचाला आणि वेगळी मतं वॉर्डातल्या सदस्यांना. त्यामुळं सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं, असं होऊ शकतं. तसं झालं की पाच वर्षं मासिक सभेत कुरघोडी चालते आणि पाण्याच्या टाकीचा ठराव लोंबकळत राहतो. म्हणून उमेदवार दारात आला की विचारा, "दादा, समोरच्या पॅनलचा सरपंच निवडून आला तरी गावाच्या कामाला हात वर करशील का?" तो "होय" म्हणाला तर चार माणसांसमोर म्हणवून घ्या. "आधी बघू" म्हणाला तर तुम्हीही आधी बघा.

आणखी एक ध्यानात ठेवा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांना पक्षांतरबंदीचा 1986 चा राज्याचा कायदा लागतो. ग्रामपंचायत सदस्याला तो लागत नाही, कारण तिथं पक्षच नाही. म्हणून उपसरपंच निवडीच्या आदल्या रात्री सदस्य गावातून गायब होतात. तिथं कायदा राखण करणार नाही. गावाच्या नजरेलाच ती करावी लागेल.

बिनविरोध निवडणूक चांगली, भांडण वाचतं. पण ती एकमतानं झाली की बोलीनं, हे विचारा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली. बोली देवळासाठी होती, असं सांगण्यात आलं. देवाच्या नावानं का होईना, विकलं गेलं ते आपलं मत.

बायाबापड्यांनाही सांगतो. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, 2011 पासून. ताई सरपंच आणि सही करायला सांगणारे भाऊजी, हे आता पुरे झालं. मत मागायला ताई स्वतः येते का, प्रश्नाला उत्तर ती देते का, ते बघा. वहिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती कागदावरच होऊ देऊ नका. नळाला पाणी किती वाजता येतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

निकाल लागल्यावर आपण मोकळे होतो, तिथंच गाडं अडतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कोरमला मतदारांपैकी 15 टक्के किंवा शंभर माणसं, यांतला कमी आकडा पुरतो. कारखान्याच्या वार्षिक सभेला आपण अहवालाची पानं उलटून उलटून प्रश्न विचारतो. तोच डोळा ग्रामसभेत का मिटतो? वित्त आयोगाचे पैसे किती आले, कशावर खर्च झाले, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतं. घरातल्या शिकलेल्या पोराला मोबाईलवर काढायला सांगा, कागदावर उतरवा आणि सभेत वाचून दाखवा.

पहिल्या सभेसाठी एक विषय सुचवतो. आपल्या शिवाराजवळून वाहणाऱ्या नीरेचं पाणी अनेकदा काळं पडतं, मासे मरतात. पलीकडचा काठ सातारा जिल्ह्याचा. नदी तशीच पुढं इंदापुरात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. हे एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम नाही, हे खरं. पण ग्रामसभेचा ठराव तर आपल्या आवाक्यात आहे! दोन्ही काठांवरच्या गावांनी तो एकाच आठवड्यात करावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हा परिषद, आमदार, खासदार सगळ्यांना धाडावा. ठरावाखाली तुतारीवाल्याची सही हवी, घड्याळवाल्याची हवी आणि तावरे गटाचीही हवी. ते पाणी तिघांच्याही उसाला जातं.

लोकसभा, विधानसभा आणि कारखाना आपण वेगवेगळा ओळखला. आता ग्रामपंचायतही ओळखा. आणि मत दिल्यावर शंभरातला एक म्हणून सभेला या. सतरंजीवर जागा असते.