तिकीट काढणारी आणि अंथरूण घालणारी

अंटार्क्टिकाच्या सहलींच्या जाहिराती आता मुंबई-पुण्यातही दिसू लागल्या आहेत. जहाजाच्या टोकाशी जाड जाकीट घातलेली बाई, समोर दुभंगत जाणारा बर्फ, आणि खाली धाडस, स्वप्न, स्वातंत्र्य असे शब्द. माणशी कित्येक लाख भरले की बाई ‘मोहिमेवर’ निघते. बाईनं एकटीनं दूर जावं याला आपला विरोध असायचं कारणच नाही. आक्षेप आहे तो ही सहल स्त्रीमुक्ती म्हणून विकण्याला. कारण ज्या जहाजावर एक बाई मुक्त होते, त्याच जहाजावर दुसरी बाई तिचं अंथरूण घालत असते. तिचा फोटो जाहिरातीत नसतो.

ध्रुवाकडच्या बर्फानं बाईला दार उघडलं ते आधी गिऱ्हाईक म्हणून, हे इतिहासच सांगतो. १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी अंटार्क्टिकाला पर्यटन-मोहीम नेली. तीत पैसे भरून आलेल्या बायका होत्या. त्याच वेळी अमेरिकेच्या स्त्री-शास्त्रज्ञांना मात्र तिथं जायला बंदी होती. नौदल त्यांना न्यायलाच तयार नव्हतं. ती बंदी उठायला १९६९ साल उजाडलं. म्हणजे बाईला बर्फ सोसवत नाही, हे कारण खोटं होतं. पाकीट घेऊन आलेली बाई चालत होती, दुर्बीण आणि वही घेऊन आलेली चालत नव्हती! आपल्याकडेही पहिल्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत गेल्या.

हातात सुई घेतलेल्या बाईला मात्र कुणी अडवलं नाही. एडा ब्लॅकजॅकची गोष्ट मुलींच्या पाठ्यपुस्तकात यायला हवी. अलास्कातली ही इन्यूपिआक बाई. नवरा सोडून गेलेला, मुलगा क्षयानं आजारी, त्याच्या औषधपाण्याला पैसा नाही. १९२१ साली चार पुरुषांच्या मोहिमेबरोबर ती रँगल बेटावर गेली, कातड्याचे कपडे शिवायला. ते कपडे नसतील तर त्या थंडीत माणूस जगूच शकत नाही. १९२२मध्ये मदतीला निघालेलं जहाज बर्फामुळं पोचलं नाही. १९२३च्या जानेवारीत तिघे पुरुष गोठलेल्या समुद्रावरून मदत आणायला चालत निघाले, ते परतलेच नाहीत. चौथा आजारी होता. त्याची शुश्रूषा एडानं केली. तो जूनमध्ये गेला. एडा सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, आणि ऑगस्टमध्ये एकटी जिवंत सापडली. पुढं काय झालं? मोहिमेच्या कथेवर इतरांनी नाव आणि पैसा कमावला. एडानं आजाऱ्याची नीट काळजी घेतली नाही, असा ठपका मात्र तिच्यावर आला.

त्याच रँगल बेटाला पुढं पर्यटक-जहाजं जाऊ लागली. आजच्या अशा जहाजांवर एडा कुठं आहे? ती खोल्या झाडते, चादरी धुते, जेवण वाढते. बर्फात वाट मिळाली नाही, जहाज अडकून पडलं, की प्रवाशाला ते साहस वाटतं. खाली त्याचा अर्थ जास्तीची पंगत आणि कमी झोप. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे एखाद्या दिवशी चौदा तास काम कायदेशीर! जहाज चालवायच्या प्रमाणपत्रधारी नोकऱ्यांत २०२१च्या पाहणीत जगभरात बायका दीड टक्काही नव्हत्या.

आणि तिथं कुणी हात लावला तर तक्रार कुणाकडे? जहाज एका देशाचं, निशाण दुसऱ्याचं, भरती करणारा एजंट तिसऱ्याच गावचा. किनारा दिवसेंदिवस दूर. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमाविषयीचा अहवाल २०२२मध्ये बाहेर आला. त्यात उत्तर देणाऱ्या ५९ टक्के बायकांनी लैंगिक छळाचा किंवा अत्याचाराचा अनुभव आल्याचं सांगितलं. हे सरकारी तळांवर, शिकल्यासवरल्या बायकांचं. मग सहा-आठ महिन्यांच्या करारावर आलेल्या सफाई-कामगार बाईनं तोंड उघडायची हिंमत कशी करावी?

आता खुद्द बर्फाचं. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की उत्तर ध्रुवावरचा सुमारे तीन चौरस मीटर उन्हाळी बर्फ जातो, असं नोत्झ आणि स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलं. म्हणजे बर्फ पाहायला जाणारा तो वितळवतही असतो. तो बर्फ कुणाची तरी वाट आहे, कुणाचं तरी ताट आहे. शीला वॉट-क्लूटिए या इन्युइट नेत्या २००५ साली मानवी हक्क आयोगापुढं गेल्या त्या हेच सांगायला, की थंडी हा आमचा हक्क आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, बाई जरा मोकळी फिरायला लागली की तिलाच नैतिकतेचे धडे का? पुरुष प्रवाशाला हे विचारता का? प्रश्न रास्त आहे. त्यालाही विचारायलाच हवं. पण मुक्तीची भाषा आपण घडवली आहे. ती कुणी आपल्याच बहिणीच्या पाठीवर उभं राहून वापरत असेल, तर हिशेब आपणच मागायचा.

तेव्हा जिला जायचं तिनं जावं, पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारावेत. कामगारांना प्रत्यक्षात किती तास विश्रांती मिळते? छळाची तक्रार जहाजाबाहेरच्या कुणाकडे करता येते? जिथं उतरता, तिथल्या लोकांची संमती घेता का? आणि गोव्यातल्या, कोकणातल्या आपल्या संघटनांनी तारवटींच्या घरांत जावं. जहाजावर जाणाऱ्या मुलींना निघण्याआधी करार वाचून दाखवावा, समजावून द्यावा, त्याची एक प्रत संघटनेत ठेवावी. बर्फ फोडायला जहाज पुरेसं असतं. ही गप्प बसण्याची सवय मात्र आपल्यालाच फोडावी लागेल.