घाट आधी, किल्ला मागून

पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते. वाऱ्यावर उलटा उडणारा धबधबा मोबाइलात पकडायचा, भजी-चहा उरकायचा आणि परतायचं. शेजारचा जीवधन फोटोत मागे कुठेतरी असतो. तिथे चढतात ते बहुधा वानरलिंगीच्या सुळक्यासाठी. हौसेला माझी हरकत नाही. पण घाटाचे पर्यटक वेगळे, किल्ल्याचे वेगळे, ही फाळणी मला खटकते.

सातवाहनकाळी कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल या खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकात जमा होई, असं सांगतात. जवळच्याच लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गायी, हत्ती, कार्षापणं दिली, याची लांबलचक जंत्री. आकडे अंकांत कोरलेले, म्हणून अंकलिपीच्या अभ्यासकांना त्याचं मोल फार. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावं दिसतात आणि खाली फक्त पावलं. टोलनाक्यावर नेत्यांचे फलक लावण्याची आपली प्रथा किती जुनी, ते इथे कळतं! हा थाट राजवाड्यात न मांडता खिंडीत मांडला, कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी तो पाहणार होता.

या कमाईवर नजर ठेवायला वर जीवधन. आज तिथे दिसतं ते बरंचसं बांधकाम नंतरच्या काळातलं. निजामशाहीच्या पडत्या काळात इथे अडकवलेल्या लहानग्या मूर्तझाला शहाजीराजांनी सोडवलं आणि पेमगिरीवर गादीवर बसवलं. वरच्या दगडी धान्यकोठीत शिरलात तर पाय राखेत रुततात. १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्याची ती राख, असं गावकरी म्हणतात. इंग्रजांनी त्याच सुमारास पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. खिंड ताब्यात ठेवायची तर हा किल्ला निकामी करायला हवा, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आपल्याला ते कळलंय का? २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले. शेजारचा शिवनेरी आहे, जीवधन नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. मानांकन मिळालं की कमान, फरशी आणि रोषणाई यांची घाई सुटते, आणि ज्या वाटेसाठी किल्ला उभा राहिला ती वाट आराखड्याबाहेरच राहते. चावंड, हडसर, शिवनेरी, जीवधन यांना बांधणारा धागा म्हणजे हा घाटच.

तेव्हा उद्या जीवधनसाठी निधी आलाच, तर दरवाजाला नवी सागवानी दारं नंतर बसवा. आधी वैशाखऱ्याकडून चढणाऱ्या वाटेचे निखळलेले दगड जागेवर बसवा. आणि लेण्यापाशी एक राखणदार नेमा. रोज जमत नसेल, तर निदान पावसाळ्यातल्या रविवारी.